नंबर नक्की कोणाच्या नावावर आहे?

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यात ‘कंपनीतून मिळालेला प्लॅन’ वापरणारे पुष्कळ आहेत. कोणाला नोकरीमुळे मिळतो, कोणाला मोबाइल कंपनीत काम करणाऱ्या भाच्या-पुतण्याच्या ओळखीवर. या वेळचे सगळे प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न : माझा भाचा मोबाइल कंपनीत आहे. त्याच्या रेफरलवर दोन वर्षांपूर्वी मला पोस्टपेड मिळालं. बाहेर 499 रुपयांचा असलेला प्लॅन मला 299 ला पडतो. आता तो नोकरी सोडतोय. माझ्या नंबरचं काय होईल? (ऐरोली)

आधी बिलाचं पहिलं पान काढा आणि ग्राहक म्हणून कोणाचं नाव छापलंय ते बघा. पुढचं सगळं त्या एका ओळीवर ठरतं.

नाव तुमचं असेल तर निर्धास्त राहा. फार तर सवलत जाईल, नंबर कुठे जात नाही. 18 टक्के जीएसटी धरून आज तुम्ही 352 रुपये 82 पैसे भरत असाल, ते 588 रुपये 82 पैसे होतील. ऑटो-पे लावलेलं असेल तर हा फरक महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही, म्हणून भाच्याचा शेवटचा दिवस विचारून ठेवा आणि त्यानंतरची दोन बिलं नीट वाचा.

नाव भाच्याचं असेल तर दोघांनी आधार घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे तिच्या दुकानात जा आणि कनेक्शन तुमच्या नावावर करून घ्या. नाव कंपनीचं असेल तर कंपनीच्या अधिकृत सही करणाऱ्या व्यक्तीचं, लेटरहेडवरचं पत्र लागेल. हे पत्र नोटीस पिरियड चालू असतानाच मिळवा. माणूस बाहेर पडल्यावर एचआर फोन उचलत नाही, हा माझा कायमचा अनुभव.

नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जायचं, म्हणजे पोर्ट करायचं मनात असेल तर क्रम चुकवू नका. नावबदलाचा अर्ज प्रलंबित असताना पोर्टची विनंती नाकारली जाते. आधी नाव बदला, थकबाकी शून्य करा, मग PORT, एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस 1900 वर पाठवा. आठ अक्षरी कोड येईल, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. वैयक्तिक नंबर त्याच सर्कलमध्ये, म्हणजे त्याच दूरसंचार विभागात, तीन कामकाजाच्या दिवसांत पोर्ट होतो, कॉर्पोरेट नंबरला पाच दिवस लागतात. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही मुंबई सर्कलमध्येच येतात, त्यामुळे घोडबंदरहून नेरुळला घर बदललं तरी इथे काही फरक पडत नाही.

मी इतकं खोलात का जाते, ते सांगते. ठाण्यात स्टेशनजवळच्या एका गॅलरीत मी अनेक वर्षं काउंटरवर होते. एका दुपारी वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यातल्या बाई आल्या. नंबर कंपनीच्या सीयूजीतला, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या नंबरांच्या गटातला, नऊ वर्षं वापरलेला. कारखाना बंद पडला, मालक गावी गेला, बिल थकलं आणि सिम बंद. बाईंनी पर्समधून पासबुक, गॅसचं कार्ड, आधार असं एकेक काढून काचेवर मांडलं. सगळीकडे तोच नंबर. पत्रावर सही करायला कोणी उरलंच नव्हतं. मी वरच्या ऑफिसला तीनदा मेल केला, तिन्ही वेळा ‘ऑथराइज्ड सिग्नेटरीचं पत्र जोडा’ एवढंच उत्तर आलं. त्यांचा नंबर मी वाचवू शकले नाही. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. त्या मुदतीत बँक आणि आधारवरचा नंबर बदलून घ्या, एवढंच मी त्यांना सांगू शकले. आधारसाठी ओटीपी लागत नाही, केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो.

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलंय : ‘टेलिकॉम एम्प्लॉयी कोटा, वर्षाचे 1500, आधारचा फोटो पाठवा.’ घ्यावं का? (कोपरखैरणे)

मुळीच नको. खऱ्या कर्मचारी सवलतीचे पैसे कंपनीच्या ॲपवर किंवा बिलावर भरायचे असतात, कोणाच्या खासगी यूपीआयवर नव्हे. शिवाय एकगठ्ठा सिम काढून वाटण्याची जुनी सोय केंद्राने 2023 मध्ये बंद केली. आता कंपनीच्या नावावरच्या बिझनेस कनेक्शनलाही सिम प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येकाचं केवायसी लागतं. तेव्हा हा ‘कोटा’ म्हणजे एक तर थाप आहे, नाही तर तुमच्या आधारवर भलत्यासाठीच सिम काढण्याचा डाव. फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवण्याला दूरसंचार कायदा 2023 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

आधार आधीच पाठवून बसला असाल तर आजच संचार साथी पोर्टलवर जा. तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते तिथे दिसतं, आणि अनोळखी नंबरची तक्रार तिथेच करता येते. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : त्याच मजल्यावर, त्याच टॉवरवर शेजाऱ्याला माझ्यापेक्षा स्वस्त. हे कायद्यात बसतं का? (चरई, ठाणे)

बसतं. ठरावीक ग्राहकांनाच दिलेल्या अशा सवलतींवरून कंपन्या आणि दूरसंचार नियामक ट्राय यांच्यात मोठा वाद झाला. त्यांचा तपशील ट्रायला द्या, आणि ट्रायने तो गोपनीय ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2020 ला सांगितलं. म्हणजे सवलती बंद झाल्या नाहीत, नियामकाला त्या दिसायला हव्यात एवढंच ठरलं. मला हे अपुरं वाटतं. कोणत्या अटीवर कोणाला काय मिळतं, हे ग्राहकालाही कळायला हवं.

प्रश्न : आई 74 वर्षांची, फक्त फोनवर बोलते. तिला माझ्या कॉर्पोरेट प्लॅनमध्ये घेऊ का? (कळवा)

नको. तिचा नंबर तुमच्या नोकरीला बांधू नका. डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवणं ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. अशा पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार ते आपणहून दाखवत नाहीत, तुम्हीच मागा.

प्रश्न : मी स्वतः टेलिकॉम कंपनीत आहे. मित्र, मित्रांचे मित्र, सगळे रेफरल मागतात. किती जणांना द्यावं? (घणसोली)

ज्यांच्या घरी तुम्ही जेवायला बसता, त्यांना द्या. अमेरिकेतल्या स्प्रिंट कंपनीची अशी एक योजना फार गाजली होती. महिना 30 डॉलरमध्ये 500 मिनिटं आणि अमर्याद डेटा, पण नोंदणी करताना कोणा तरी कर्मचाऱ्याचा ईमेल पत्ता द्यावा लागायचा. ते पत्ते इंटरनेटवर हातोहात फिरले आणि ज्यांनी कर्मचाऱ्याचं तोंडही पाहिलेलं नाही, असे लोक त्याच्या नावाने ग्राहक झाले. तुमचा रेफरल कोडही एका फॉरवर्डमध्ये तसाच सुटू शकतो, आणि कंपनी जाब विचारेल तो तुम्हाला. कोड ग्रुपवर टाकू नका, ज्याला द्यायचा त्याच्या समोर बसून त्याच्याच फोनवर भरा.

आणि रेफरल देणं वेगळं, आपल्या नावावर सिम काढून देणं वेगळं. मित्राने त्या सिमवरून काही उद्योग केला तर पोलिस आधी तुमच्याच दारात येतील. असं एखादं सिम आधीच दिलेलं असेल तर या शनिवारी त्याला घेऊन गॅलरीत जा आणि ते त्याच्या नावावर करून टाका.