मुळाच्या शस्त्रक्रियेत हाड पीझोने कापलं तर लवकर भरतं का?

तुम्हाला वरच्या पुढच्या दाताची एपिकोएक्टॉमी, म्हणजे हाडात भोक पाडून मुळाचं टोक कापून काढण्याची शस्त्रक्रिया, सांगितली आहे. एक डॉक्टर साध्या बरने (फिरत्या ड्रिलच्या टोकाने) करणार, दुसरे पीझोने (कंपनाने हाड कापणाऱ्या मशीनने) करणार आणि जास्त पैसे घेणार. हाड कशाने चांगलं भरेल, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीत दातांचीच प्रॅक्टिस करतो आणि याच विषयावरून एका सिनिअरशी माझं कायमचं बिनसलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्यांच्याकडे मी असिस्ट करायचो तेव्हाची गोष्ट. माझ्या आत्याच्या खालच्या उपदाढेला शस्त्रक्रिया करायची होती. त्या मुळाशेजारूनच खालच्या ओठाला संवेदना देणारी नस बाहेर पडते. अशा जागी पीझो हवंच, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. त्याचं टोक साधारण 24 ते 36 किलोहर्ट्झने कंप पावतं, त्यात हाड कापलं जातं आणि मऊ भाग बचावतो. फिरता बर नसेला लागला तर तिला गुंडाळूनच घेतो.

म्हणजे मशीन योग्य होतं. पण पीझो हळू कापतं आणि बाहेर पेशंट खोळंबले होते, म्हणून सरांनी टोक दाबून धरायला सुरुवात केली. दाब वाढला की कंपन दबतं आणि उष्णता वाढते. त्यात ‘काही दिसत नाही’ म्हणत हाड थंड ठेवायला सोडलेलं सलाईन कमी करायला लावलं. हाडाची गुलाबीसर कड बघता बघता पिवळट तपकिरी झाली, आणि नख जळाल्यासारखा वास मास्कमधून नाकात गेला. मी सलाईन वाढवलं, तर स्टाफसमोर मला ऐकवलं, ‘पीझोने हाड जळत नाही, पुस्तक वाच.’

पुस्तकात तर नेमकं उलटं लिहिलंय. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी 1983 मध्येच सशांच्या हाडावर दाखवलं होतं, की 47 अंश तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाला इजा होते. ती उष्णता बरची की पीझोची, हे हाड बघत नाही. आत्याचा ओठ बधिर झाला नाही, याचं श्रेय मशीनला. पण सहा महिन्यांनी एक्स-रे काढला तेव्हा मुळाखालचा काळा डाग, म्हणजे हाड नसलेली जागा, जवळपास तेवढाच होता. तो भरायला दुसरं वर्ष उजाडलं.

आता तुमचं. पीझोसर्जरी रुजवणाऱ्या वर्चेलोत्ती यांच्या गटाने 2005 मध्ये कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात सुरुवातीचे आठवडे पीझोची बाजू बरपेक्षा उजवी होती. पण वर्षभरानंतर पेशंटच्या एक्स-रेत तो फरक शोधून सापडेल, असं मला वाटत नाही. पुढच्या दाताजवळ तशी मोठी नसही नाही. तेव्हा भरपूर सलाईन, धारदार नवा बर आणि हलका हात असेल तर बरने खुशाल करून घ्या. मात्र बर फिरवणारा हँडपीस मागून हवा सोडणारा असावा, नाहीतर हवा फ्लॅपखाली (उचललेल्या हिरडीखाली) शिरून चेहरा सुजतो. लेझरबद्दल कोणी सांगितलं तर एर्बियम लेझर हाड कापतो हे खरं, पण हाताला खोली कळत नाही आणि वेळ खातो. मी वापरणार नाही.

जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर मायक्रोस्कोपसाठी द्या. त्याखाली हाडातलं भोक 4-5 मिलिमीटरमध्ये भागतं, जुन्या पद्धतीत ते दुप्पट व्हायचं. मुळाचं टोक 3 मिलिमीटर कापून आत अल्ट्रासोनिक टिपने तेवढीच खोल जागा करायची आणि एमटीए (मुळाचं टोक बंद करणारं सिमेंट) भरायचं. 2010 च्या एका मोठ्या आढाव्यात जुन्या अमाल्गमच्या (चांदी-पाऱ्याच्या भरावाच्या) पद्धतीचं यश 59 टक्के आणि या नव्या पद्धतीचं 94 टक्के निघालं. मुळाच्या टोकाशी गळती राहिली तर हाड कशानेही कापा, डाग परत येणार.

आत्याला मधुमेह आहे, तेव्हा तिच्या उशिराचा सगळा दोष उष्णतेवर टाकता येणार नाही, हे मान्य. तुम्ही सिगारेट ओढत असाल तर तुमचंही हाड रेंगाळेल. शिवाय तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही. डाग नाकाच्या तळापर्यंत गेला असेल तर तिथे पीझोवाल्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण ‘आमच्या मशीनला पाण्याची फिकीर नाही’ असं ते म्हणाले, तर तिथून उठा.