आवाज येतो, मागे उजेड दिसतो, चित्र नाही : पॅनेलच गेलं म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की ३२ इंची एलईडी टीव्हीला आवाज नीट येतो, अंधारात पडदा करडा उजळलेला दिसतो, पण चित्र नाही, मेन्यूसुद्धा नाही. मेकॅनिकने पाच मिनिटं बघून 'पॅनेल गेलं, नवीन टीव्ही घ्या' सांगितलं. ते खरं का, आणि दुरुस्तीला खर्च किती?

पॅनेल म्हणजे चित्र उमटवणारी पडद्याची काच. ती फुटलेली असेल तर पाच मिनिटंही लागत नाहीत. पण काच धड असताना पाच मिनिटांत पॅनेल गेलं असं कळत नाही. त्याने मीटर लावला होता का, आणि लावला असेल तर एव्हीडीडी (पॅनेलला चित्रासाठी लागणारं मुख्य व्होल्टेज) किती मिळालं, एवढं विचारा. उत्तर आकड्यात आलं नाही तर त्याने फक्त अंदाज सांगितलाय.

मेन्यूही दिसत नाही म्हणजे सेटटॉप बॉक्स, एचडीएमआय केबल हा विषय संपला. उजेड आहे म्हणजे बॅकलाइटच्या पट्ट्या ठीक. आवाज आहे म्हणजे मेन बोर्ड बराचसा जिवंत. उरला तो रस्ता : मेन बोर्डवरून चित्राचा सिग्नल नेणारी एलव्हीडीएस केबल, तिथून टीकॉन (तो सिग्नल पॅनेलला समजेल असा करणारा छोटा बोर्ड), टीकॉनमधून निघालेल्या दोन रुंद फ्लॅट केबली, त्या काचेच्या कडेच्या सोर्स बोर्डांवर, आणि तिथून सीओएफच्या, म्हणजे चिप बसवलेल्या पातळ फिल्ममधून काचेत. व्हीए असो की आयपीएस (टीव्ही पॅनेलचे दोन नेहमीचे प्रकार), या पॅनेलांना व्होल्टेज मिळालं नाही तर ती उजेड अडवून बसतात. म्हणून मागे दिवे पूर्ण जळतात आणि पुढे काळोख. यात पॅनेल मेल्याचा पुरावा कुठेच नाही.

गेल्या पावसाळ्यात एक ४३ इंची फुल एचडी सेट टेबलावर आला होता. लक्षण हेच. मागच्या कव्हरवर कुणीतरी मार्करने ठसठशीत 'पॅनेल' लिहून ठेवलेलं, म्हणजे निकाल आधीच लागलेला. टीकॉनवर एलव्हीडीएस सॉकेटजवळ बारीक फ्यूज असतो, त्याच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट मिळाले. टीकॉनच्या चिपला (आयसीला) लागणारं ३.३ व्होल्ट बरोबर. तिच्या आतल्या भागाचं १.२ बरोबर. एव्हीडीडी, जे तिथे १५.६ असायला हवं, ते शून्य. व्हीजीएच, म्हणजे पडद्याच्या ओळी चालू करणारं व्होल्टेज, जे २८च्या आसपास हवं, तेही शून्य. टीव्ही चालू करताच एव्हीडीडीच्या टेस्ट पॉइंटवर काटा क्षणभर हलायचा आणि पडायचा. (असल्या कामाला मी काट्याचा मीटर वापरतो, डिजिटलला तो क्षण सापडत नाही.) याचा अर्थ ही व्होल्टेज तयार करणारा पॉवर आयसी प्रयत्न करतोय, पुढे शॉर्ट बघतोय आणि स्वतःला बंद करतोय.

इथे बहुतेक जण टीकॉन बदलतात, नवीनवरही तेच दिसतं, मग 'बघा, पॅनेलच' म्हणून मोकळे होतात. अर्धं बरोबर आहे, शॉर्ट टीकॉनच्या पुढेच होता. पण पुढे म्हणजे कुठे?

टीव्ही बंद केला, प्लग काढला, टीकॉनमधून निघणारी उजवी फ्लॅट केबल सोडवली, पुन्हा चालू केला. एव्हीडीडी १५.६, व्हीजीएच २८, आणि पडद्याच्या एका अर्ध्यात स्वच्छ चित्र. मग ती परत लावून डावी काढली, पुन्हा शून्य. दोष उजव्या सोर्स बोर्डावर. दोन्ही केबली सुट्या करून एव्हीडीडी ते ग्राउंड रेझिस्टन्स घेतला : डाव्या बाजूला काही किलोओहम, उजवीकडे ४ ओहम. बेंच सप्लायवरून (हवं ते व्होल्टेज देणाऱ्या टेबलावरच्या यंत्रावरून) उजवीकडच्या एव्हीडीडीच्या रेषेवर २ व्होल्ट सोडले, करंटची मर्यादा १ अँपिअर, आणि बोर्डावर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं; शॉर्ट झालेला भाग तापतो आणि तिथलं अल्कोहोल आधी उडतं. सगळीकडे ओलसर चमक असताना एका तांबूस सिरॅमिक कपॅसिटरभोवती तांदळाच्या दाण्याएवढा गोल भराभर कोरडा झाला. तो काढला, ४ ओहम गेले. दोन्ही केबली लावल्यावर पूर्ण चित्र. त्या रेषेवर असे अनेक कपॅसिटर समांतर असतात, एक कमी असला तरी चालतं, पण त्याच मापाचा २५ व्होल्टचा घातला.

कारणही तिथेच दिसत होतं. कपॅसिटरशेजारी वाळलेल्या पाण्याची पांढुरकी कड, आणि सोल्डरवर हिरवट बुरा. आजच्या बऱ्याच सेटमध्ये सोर्स बोर्ड खालच्या कडेला असतात. काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारला की तो ओघळून फ्रेमच्या खाली उतरतो आणि नेमका तिथे पोहोचतो. फडक्यावर मारा, पडद्यावर नाही. कोकणपट्टीत याच जागी पालीची घाण आणि खाऱ्या हवेचा गंजही सापडतो.

तुमच्या सेटला हाच क्रम लावायला सांगा. फ्यूजच्या आधीच्या टोकालाही १२ व्होल्ट नसतील (लहान पॅनेलला ५ असतात) तर टीकॉनला हात लावू नका. मेन बोर्डवर एलव्हीडीएस सॉकेटजवळचा आठ पायांचा मॉसफेट (स्विचचं काम करणारी छोटी चिप) बघा, पॅनेलचा सप्लाय तोच सोडतो. त्याच्या एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल, तर मॉसफेट गेला किंवा प्रोसेसरकडून 'पॅनेल ऑन'चा इशारा येत नाही. इशारा येत नसेल तर, आणि तरच, सॉफ्टवेअरचा संशय घ्या. ऊठसूट 'सॉफ्टवेअर उडालंय' म्हणायची जी साथ आलीय तिचा या दोषाशी फारसा संबंध नाही.

फ्यूज उडालेला असेल तर नवीन घालायच्या आधी टीकॉनच्या बाजूने शॉर्ट तपासा. फ्यूजच्या जागी तार जोडून बघणाऱ्यांचे धूर निघालेले टीकॉन रद्दीत भरपूर मिळतात. एव्हीडीडी शून्य न येता ११.५च्या आसपास आलं, तर शॉर्ट नाही : १२ व्होल्ट कॉइल आणि डायोडमधून तसेच पुढे चाललेत, १२चं १५.६ करणारं बूस्ट चालू झालेलं नाही, म्हणजे दोष पॉवर आयसीत किंवा त्याला चालू करणाऱ्या 'इनेबल' इशाऱ्यात. एव्हीडीडी आहे पण व्हीजीएल, म्हणजे पडद्याच्या ओळी बंद करणारं व्होल्टेज, जे उणे ५ ते उणे १० असतं, ते नाही, तरीही चित्र येणार नाही. व्हीकॉम, म्हणजे सगळ्या पिक्सेलांचं सामाईक व्होल्टेज, साधारण एव्हीडीडीच्या निम्म्याच्या आसपास. तो घसरला की चित्र फिकट किंवा निगेटिव्हसारखं दिसतं, पूर्ण काळं सहसा नाही. सगळी व्होल्टेज बरोबर असूनही काळं असेल तर एलव्हीडीएस बघा : केबल काढून टीकॉनच्या सॉकेटवर सिग्नलच्या तारांच्या प्रत्येक जोडीत साधारण १०० ओहम, आणि चालू स्थितीत प्रत्येक तारेवर १.२ व्होल्टच्या आसपास. केबलची टोकं खोडरबराने हलकी घासून अल्कोहोलने पुसा, कधीकधी इतक्यातच काम होतं.

ब्लोअरबद्दल तर बोलायलाच नको. टीकॉनवर किंवा पॅनेलच्या कडेवर गरम हवा मारून 'चालू करून दिला' म्हणणारा माणूस आठवड्याने तुम्हाला परत भेटणार. सीओएफ काचेला उष्णतेने घट्ट होणाऱ्या चिकट फिल्मने बसवलेला असतो. त्याच्याजवळ गरम हवा मारली की तो जोड सुटतो, आणि मग पॅनेल खरोखर जातं. वरचा कपॅसिटर म्हणूनच बारीक टोकाच्या सोल्डरिंग इस्त्रीने, शेजारी उष्णतारोधक टेप लावून काढायचा असतो. आमच्या धंद्यात यावरून वर्षानुवर्षं वाद घालणारे आहेत. ब्लोअर मारलेले त्यांचेच सेट पुढे सीओएफ सुटलेले म्हणून टेबलावर येतात, तेव्हा वाद कोण जिंकला हे ठरवायला वेगळा पंच लागत नाही.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. तुमचा ३२ इंची सेट अलीकडचा असेल तर त्यात वेगळा टीकॉन नसेलही. मग हीच व्होल्टेज मेन बोर्डवर शोधायची, आणि बोर्ड बदलायचाच झाला तर तो त्याच पॅनेल नंबरला जुळणारा हवा. युनिव्हर्सल बोर्ड घातला तर पॅनेल व्होल्टेजचा जंपर (व्होल्टेज निवडायची छोटी पिन) ३.३, ५ की १२वर आहे हे आधी मीटरने बघा, ५ व्होल्टच्या पॅनेलला १२ दिले की सगळी चर्चा तिथेच संपते. पॉवर बोर्डाच्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज असू शकतो, तो १०० वॅटच्या बल्बने उतरवल्याशिवाय हात घालू नका. केबल चालू सेटमध्ये कधीच काढायची नाही. वॉरंटी असेल तर स्क्रूला हातच लावू नका. आणि शॉर्ट काचेतच, म्हणजे सीओएफ किंवा कडेवरच्या गेट सर्किटमध्ये निघाला, तर बाँडिंग मशीन (सीओएफ काचेवर पुन्हा चिकटवणारं यंत्र) असलेल्या ठिकाणाशिवाय इलाज नाही. तेव्हा तुमचा मेकॅनिक बरोबर ठरेल, फक्त त्याला ते पाच मिनिटांत कळलं नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर फ्यूज, मॉसफेट किंवा कपॅसिटरला वस्तूचे पैसे नगण्य, मजुरीचेच द्यावे लागतात. टीकॉन बदलणं परवडतं. ३२ इंचीचं पॅनेल मात्र नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जातं, म्हणून ते बदलायच्या भानगडीत पडू नका. पैसे ठरवायच्या आधी मेकॅनिकला एकदा उजवी आणि एकदा डावी केबल काढून सेट चालू करायला लावा, आणि ते होत असताना तिथे उभे राहा.