डूलिटल हल्ल्यातल्या (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानवर केलेला पहिला हवाई हल्ला) शेवटच्या बॉम्बरचे पाचही जण जिवंत कसे पकडले गेले? ते लढले का नाहीत?

कशाने लढायचं होतं त्यांनी? पेट्रोल संपलेल्या विमानातून रात्री काळोखात पॅराशूटने उड्या मारलेली पाच पोरं, चीनमधल्या नानचांगच्या आसपास एकेकटी उतरलेली, आणि तो सगळा मुलूख जपान्यांच्या ताब्यात. कमरेला फार तर पिस्तूल.

१८ एप्रिल १९४२ ला अमेरिकेच्या 'हॉर्नेट' या विमानवाहू जहाजावरून १६ बी-२५ बॉम्बर विमानं उडाली. जपानी टेहळणी बोटीने जहाजं पाहिली म्हणून ठरल्यापेक्षा कितीतरी तास आधी आणि साधारण साडेसहाशे सागरी मैलांवरूनच उडावं लागलं, पेट्रोलचं गणित तिथेच बिघडलं. सोळावं होतं 'बॅट आउट ऑफ हेल', पायलट विल्यम फॅरो. डेकवरच्या एका खलाशाचा हात या विमानाच्या पंख्यात सापडून गेला, विमानाच्या नाकाडाच्या काचेला भोक पडलेलं, तसेच उडाले, नागोयावर बॉम्ब टाकले आणि चीनकडे गेले. चिनी सैन्याच्या धावपट्टीपर्यंत पेट्रोल पुरलंच नाही. रिकामं विमान कोसळलं आणि हे पकडले गेले.

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली, आणि ती कोणी मोजत नाही म्हणून मला राग येतो.

माझे आजोबा (आईचे वडील) सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागले. आझाद हिंद सेनेत गेले नाहीत, मग त्यांना जहाजात कोंबून न्यू गिनीला नेलं. परत आले तेव्हा बेरीबेरीने (जीवनसत्त्व नसलेल्या निकस खाण्याने होणारा रोग) पाय सुजलेले, आणि पायाच्या मुंग्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत असं आई सांगते. आता गावात महायुद्धात लढायला गेलेल्या सगळ्यांच्या नावांची पाटी करायची ठरलं, देवळात मीटिंग भरली, यादी वाचून झाली आणि आजोबांचं नावच नाही. विचारलं तर आमच्याच भावकीतले एक वडीलधारे सगळ्यांसमोर म्हणाले, "तो हात वर करून आला, ना इंग्रजासाठी लढला ना नेताजींसाठी." मामा खाली मान घालून बसला. मी उठलो आणि म्हटलं, अण्णा, शरणागतीच्या कागदावर सही इंग्रजांच्या जनरल पर्सिव्हलने केली, शिपायाला कोणी विचारलं होतं? नेताजींबद्दल आमच्या घरात आदरच आहे, पण छावणीत मार खाऊन आलेल्या माणसाला तुम्ही कोणत्या तोंडाने भित्रा म्हणता? मग फॅरोची गोष्ट सांगायला घेतली तर म्हणाले अमेरिकनांचं इथे काय काम. अर्धी मीटिंग उठून गेली.

ती राहिलेली गोष्ट इथे सांगतो. फॅरोच्या विमानातले पाच आणि याच हल्ल्यातल्या 'ग्रीन हॉर्नेट' विमानातले वाचलेले तीन, असे आठ जण जपान्यांकडे होते. टोकियोत केम्पेताईने (जपानी लष्करी पोलीस) त्यांचे हाल केले, नाकातोंडात पाणी ओतलं, वाचता न येणाऱ्या जपानी कागदांवर सह्या घेतल्या. ज्या कायद्याखाली खटला चालवला तो हल्ल्यानंतर ऑगस्टमध्ये केलेला आणि मागल्या तारखेपासून लागू. वकील नाही, काय चाललंय ते सांगणारा कोणी नाही. आठही जणांना मृत्युदंड, नंतर पाच जणांना जन्मठेप. उरलेल्या तिघांना, फॅरो, हॉलमार्क आणि स्पॅट्झ यांना, १५ ऑक्टोबर १९४२ ला शांघायजवळ स्मशानात गोळ्या घातल्या. स्पॅट्झ २१ वर्षांचा होता. आदल्या दिवशी त्यांच्याकडून घरी पत्रं लिहून घेतली आणि ती पाठवलीच नाहीत, युद्धानंतर फायलींत सापडली.

जन्मठेपेच्या पाचांपैकी मेडर १ डिसेंबर १९४३ ला कोठडीत उपासमारीने आणि बेरीबेरीने गेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजोबांचे पायच डोळ्यासमोर आले. हाइट, बार, नील्सन आणि डीशेझर ऑगस्ट १९४५ मध्ये सुटले. बार सुटल्यावरही बराच काळ मनाने सावरला नव्हता. डीशेझर तर मिशनरी होऊन परत जपानला गेला आणि ज्या नागोयावर बॉम्ब टाकले तिथेच चर्च काढलं. या लोकांना 'लढले का नाहीत' विचारायचं?

तुमच्या घरात असा कोणी कैदी होऊन आलेला असेल तर त्याची कागदपत्रं, पेन्शनचं पुस्तक, जे असेल ते आत्ताच जपून ठेवा आणि नातेवाइकांसमोर मान खाली घालू नका. मामाला मी हेच सांगतोय.

एक मात्र सांगायला हवं, या हल्ल्याची सगळ्यात मोठी किंमत वैमानिकांनी नाही, चिनी गावकऱ्यांनी मोजली. बाकीच्या बहुतेक वैमानिकांना त्यांनी लपवलं आणि त्याचा सूड म्हणून जपान्यांनी चीनच्या झेजियांग-जियांगशी प्रांतांत गावंच्या गावं जाळली, मेलेल्यांचा अंदाज अडीच लाखांपर्यंत जातो. आणि सगळेच कैदी सारखे वागले असंही नाही, काही जण फुटले असतील, ते मी नाकारत नाही.

पाटी अजून कोरायची आहे. आजोबांचं नाव सगळ्यांच्या ओळीतच हवं, खाली 'कैदी' म्हणून वेगळं चालणार नाही, हे मी अण्णांना लेखी दिलंय.