‘अनक्लेम्ड’ पाकीट आणि १९ ऑगस्ट

प्रश्न : मित्राला हातउसने दिलेल्या दोन लाखांचा चेक १५ जूनला न वटता परत आला. चेकवर १० एप्रिलची तारीख होती. ३० जूनला वकिलामार्फत रजिस्टर एडीने नोटीस पाठवली. ‘इंटिमेशन दिली, ४ जुलै’ आणि त्याखाली ‘अनक्लेम्ड’ असे शेरे पडून पाकीट परत आलं. नोटीस पोचलीच नाही, तर आता दुसरी पाठवू का?

उत्तर : नको. अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि सगळ्यांचा समज तोच : पाकीट परत आलं म्हणजे नोटिशीनंतर पैसे भरण्याची १५ दिवसांची मुदत सुरूच झाली नाही. पत्ता बरोबर असेल, तर ती सुरू झाली आहे. योग्य पत्त्यावर, पूर्ण तिकीट लावून रजिस्टरने पाठवलेलं पत्र पोचलं असं १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ गृहीत धरतं. पोस्टमनने सूचना देऊनही पाकीट न सोडवणाऱ्याला ‘मिळालं नाही’ म्हणण्याचा फायदा मिळत नाही. अलवी हाजी खटल्यात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं, की नोटीस मिळाली नाही म्हणणाऱ्याने कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत. तेही न करणाऱ्याने ही सबब सांगू नये.

आता तारखा. पाकीट परत आल्याच्या दिवसापासून मोजावं असंही म्हणता येईल, पण मी सर्वांत आधीची तारीख धरतो. ४ जुलैपासून १५ दिवस १९ जुलैला संपले. तिथून एक महिन्यात, म्हणजे १९ ऑगस्टच्या आत, चेक न वटल्याची फौजदारी तक्रार कोर्टात दाखल झालीच पाहिजे. तुमचं पत्र ९ ऑगस्टचं आहे. इतके दिवस ते पाकीट घरात ठेवून तुम्ही कशाची वाट पाहत होतात, हे मला कळलेलं नाही. दुसऱ्या नोटिशीने काहीच साधणार नाही : चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांतच नोटीस द्यावी लागते, ते दिवस जुलैतच संपले. चेक पुन्हा भरण्याची तीन महिन्यांची मुदतही गेली.

पाकीट फोडलं नसेल तर फोडू नका. तसंच बंद कोर्टात द्यायचं. सोबत नोटिशीची स्थळप्रत, पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगची छापील प्रत. ती आजच काढा, संकेतस्थळावरची नोंद कायम राहत नाही. पावतीवर रजिस्ट्रेशनचा उल्लेख आहे का तेही पाहा. २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. तेव्हापासून साधं स्पीड पोस्ट करून ‘रजिस्टर केलं’ म्हणणारेही भेटतात. तसं असेल तर समोरचा वकील वाद घालेल. टिकेल की नाही, कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

पैसे रोख दिलेत की खात्यातून, तुम्ही लिहिलेलं नाही. रोख असतील तर उलटतपासणीत त्रास होईल, पण ते पुढचं. तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १४३ म्हणतं; प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच तेवढे जातात, त्यामुळे लगेच पैसे मिळतील ही आशा सोडा.

१९ तारीख हुकली तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, मात्र सबळ कारण द्यावं लागतं. नोटीस पोचली नाही असं वाटलं, हे कारण न्यायाधीशांना पुरेसं वाटेल याची खात्री मी देणार नाही. वकिलांना आजच फोन करा.