मुलगी पहिलीत जाणार आहे, शाळा सुरक्षित आहे की नाही हे कसं ओळखायचं? सीसीटीव्ही आहेत म्हणजे झालं का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडवरच्या दोन शाळा बघून आलात, दोन्हीकडे फिरवून दाखवताना पहिलं काय दाखवलं तर ऑफिसातला तो मोठा टीव्ही ज्यावर वीस-पंचवीस चौकोन दिसतात, आणि आता घरी आल्यावर विचार करताय की एवढ्यावर विश्वास ठेवायचा का. नका ठेवू. म्हणजे कॅमेरे हवेतच, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण झालं त्यानंतर राज्य सरकारने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं होतं, त्यामुळे कॅमेरे ही काही त्या शाळेची मेहेरबानी नाही. पण कॅमेरा टॉयलेटच्या आत लावता येत नाही, लावूही नये, आणि लहान मुलांच्या बाबतीत नको ते बरंचसं तिथेच घडतं. बाहेरच्या पॅसेजमध्ये कॅमेरा आहे का, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, आणि ते बघतं कोण, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी सगळे एकमेकांकडे बघतात.

मी सतरा वर्षं प्राथमिकला शिकवतेय, राहायला कळव्यात, आधी ठाण्यात नोकरी होती आणि आता ऐरोलीला. कायम पहिली-दुसरीच माझ्या वाट्याला येते आणि मला ती आवडते पण. तर तुम्हाला कायद्याचं सांगण्याआधी माझी स्वतःची चूक सांगते, कारण त्यातून मला जे कळलं ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कळलं नाही.

आधीच्या शाळेतली गोष्ट आहे, नाव घेत नाही. दुसरीतला एक मुलगा, शांत, अक्षर सुंदर. ओपन डेला त्याची आई म्हणाली, टीचर हा शाळेत पाणीच पीत नाही हो, सकाळी भरून दिलेली बाटली तशीच्या तशी घरी येते. मी म्हटलं खेळण्यात विसरत असेल, बघते मी. आणि नाही बघितलं. ५२ मुलं होती वर्गात, विसरले, खरं सांगायचं तर मला ती गोष्ट महत्त्वाचीच वाटली नव्हती. तीन एक आठवड्यांनी मधल्या सुट्टीनंतर त्याची पँट वर्गात ओली झाली. ऑफिसच्या कपाटात आम्ही दोन-तीन जुन्या चड्ड्या ठेवायचो, त्यातली एक त्याला घालत असताना आमच्या मावशी हळूच म्हणाल्या, बाई हे पोर टॉयलेटला जातच नाही, दारापर्यंत येतं आणि मागे फिरतं, किती दिवस झाले बघतेय मी. मी विचारलं मग सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, कोणाला सांगू, आम्हाला कोण विचारतं.

बाटली का भरलेली जायची ते तेव्हा माझ्या डोक्यात उतरलं. पाणी प्यायलं तर शूला जावं लागेल, म्हणून तो पीतच नव्हता. सात वर्षांच्या मुलाने एकट्याने शोधलेला उपाय.

आता माझी दुसरी आणि मोठी चूक. मी वर्गात परत आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, तुला टॉयलेटमध्ये कोण त्रास देतं, सांग, घाबरू नकोस. तो म्हणाला कोणी नाही. संपलं. पुढे चार दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. शेवटी मावशीच रोज मधल्या सुट्टीत दाराबाहेर उभ्या राहायला लागल्या, त्याला काही विचारलं नाही, फक्त म्हणायच्या तू जा, मी इथेच आहे, आणि पाचव्या की सहाव्या दिवशी त्याने आपणहून त्यांना सांगितलं. दुपार सत्राची पाचवीतली दोन मुलं लवकर यायची, दार अडवून त्याची चड्डी खाली ओढायची, हात लावायची आणि हसायची. मी ऑफिसला सांगितलं तर उत्तर आलं, पोरं आहेत, मस्ती करतात, लेखी कशाला देताय, बोलतो आम्ही त्यांना. बोलले असतील. त्याच्या आईला मात्र शाळेकडून कोणी काही कळवलं नाही, आणि मीही गप्प बसले, नोकरीत कायम झाले नव्हते तेव्हा. ते अजून खातं मला.

म्हणून माझं मत असं झालंय की शाळेत काय चाललंय हे कोणालाच माहीत नसतं असं सहसा होत नाही. मावशींना, वॉचमनला, व्हॅनवाल्या काकांना, बाकावर शेजारी बसणाऱ्या पोरीला कुठे ना कुठे माहीत असतं, पण ती गोष्ट खालून वर जाताना प्रत्येक पायरीवर कोणीतरी तिच्यावर बसतं. शाळा बघायला जाल तेव्हा हेच तपासा, की तिथे मुलाचं बोलणं वरपर्यंत पोचतं का. मुख्याध्यापकांना सरळ विचारा, उद्या एखाद्या मुलाने बाईंना काही सांगितलं तर पहिल्या तासाभरात तुम्ही काय करता? चांगली शाळा पटकन सांगते, अमुक मॅडमना सांगायचं, मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून काढायचं, पालकांना बोलवायचं, पोलिसांना कळवायचं. ज्या शाळेत 'आमच्याकडे असं काही होतच नाही' हे उत्तर मिळेल तिथून चहा न घेता उठा.

कारण कायद्यात शाळेला निवड दिलेलीच नाहीये. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर उलट केस होऊ शकत नाही हेही त्यातच लिहिलंय, ते शिक्षकांनाही माहीत नसतं म्हणून सगळे घाबरतात. बदलापूरला शाळेच्या संचालकांवर गुन्हा दाखल झाला तो यासाठीच, माहिती असून वेळेत न कळवल्याचा. 'आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ दे' हे वाक्य कुठल्याही शाळेने म्हटलं तर समजा की कायदा तरी माहीत नाही किंवा माहीत असून लपवताहेत.

दुसरं, त्या प्रकरणातला आरोपी त्याच महिन्यात कंत्राटावर लागलेला सफाई कर्मचारी होता. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांमध्ये स्पष्ट आहे की मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलिस पडताळणी झाली पाहिजे, शिकवणारा असो नसो, कायम असो की कंत्राटी. तेव्हा शिक्षकांच्या डिग्र्या विचारू नका, त्या वेबसाइटवर असतात, हाउसकीपिंगवाले एजन्सीकडून येतात का आणि त्यांची चारित्र्य पडताळणी कोणाच्या फाइलला लावलीय ते विचारा. एजन्सी बघते असं म्हणाले तर म्हणा कागद दाखवा. थोडं उद्धट वाटेल, वाटू दे. आणि मार्च २०२२ च्या जीआरने शाळा पातळीवर मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती सांगितलीय, तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर आहेत का बघा, आणि तक्रारपेटी कुठे आहे तेही. आमच्या एका शाळेत ती मुख्याध्यापकांच्या केबिनच्या अगदी दारात होती, आणि पहिलीतल्या मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. वर्षभरात तिच्यातून एकच चिठ्ठी निघाली, त्यात लिहिलं होतं 'पीटीचा तास दोन पाहिजे'.

गेटचं सांगते. आता बऱ्याच शाळांत एस्कॉर्ट कार्ड असतं, फोटोवालं, ते दाखवल्याशिवाय मूल सोडायचं नाही. नियम सगळीकडे आहे पण जुलैतला पाऊस, गेटवर छत्र्यांची गर्दी, रस्त्यावर दोन लाइनीत लागलेल्या व्हॅन, मागून हॉर्न, अशा वेळी वॉचमन चेहरा बघून सोडतो. आमच्याकडे एकदा एका आजींना वॉचमनने कार्ड नाही म्हणून नातू दिला नाही, त्या रोज येणाऱ्या, सगळे ओळखतात, तरी त्याने आईला फोन लावून खात्री केली आणि मगच सोडला. दहा मिनिटं आजी भिजल्या, मग जो काही आरडाओरडा झाला, बाकीचे पालक पण त्यांच्याच बाजूने, अरे माणुसकी आहे की नाही वगैरे. मी वॉचमनच्या बाजूने होते. दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावून समज दिली, की पालकांशी नीट वागा. त्यानंतर त्याने कोणाचं कार्ड बघितलं असेल असं मला नाही वाटत. म्हणजे शाळा कशी आहे हा अर्धा प्रश्न झाला, आपण पालक कसे आहोत हा पण आहे. अॅडमिशन झाली की एक दिवस तुमच्या बहिणीला किंवा भावाला कार्डाशिवाय न्यायला पाठवा, आणि मुलगी नाही दिली तर त्या वॉचमनला थँक्यू म्हणा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

व्हॅन लावणार असाल तर ड्रायव्हरसोबत बाई अटेंडंट आहे का आणि तुमची मुलगी सगळ्यात आधी चढणारी किंवा सगळ्यात शेवटी उतरणारी आहे का एवढं आधी बघा. शेवटची असेल तर रूट बदलून घ्या, पैसे जास्त पडले तरी.

घरचं थोडक्यात. 'गुड टच बॅड टच' चा वर्षातून एकदा होणारा कार्यक्रम ठीक आहे, पण लहान मुलांना बॅड टच म्हणजे दुखलं पाहिजे असं वाटतं, आणि बरेचदा दुखत नसतं, गुदगुल्या असतात, खेळ असतो, चॉकलेट असतं. त्यापेक्षा 'चड्डीच्या आतल्या जागी कोणी हात लावायचा नाही, आणि कोणी आईबाबांना सांगू नको म्हणालं तर तेच आधी सांगायचं' हे जास्त समजतं त्यांना. अवयवांची खरी नावं शिकवा, आमच्याकडे मुलं 'शू ची जागा' पासून काय काय म्हणतात, वेळ आली तर दुसऱ्या माणसाला कळतच नाही पोर काय सांगतंय. आणि पाहुण्यांसमोर 'काकांना पापी दे बघू, नाहीतर काका रागावतील' हे बंद करा, कारण मग नको म्हणायला ती शिकणार कुठे? एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे आकडे दरवर्षी तेच सांगतात, पॉक्सोच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. मुलगा असता तरी हेच सांगितलं असतं, २००७ साली केंद्र सरकारची मोठी पाहणी झाली होती त्यात अत्याचार झालेल्या मुलांमध्ये अर्ध्याहून जास्त मुलगे होते, आणि आपल्याकडे मुलग्यांचं कोणी धरतच नाही.

आणि देव न करो पण कधी तिने काही सांगितलंच तर, किंचाळू नका, 'तू का गेलीस तिथे' म्हणू नका, पुन्हा पुन्हा विचारून वदवून घेऊ नका. आधी तुम्ही, मग आजी, मग शेजारची काकू, मग टीचर, असं दहा वेळा सांगायला लावलं की मूल गोंधळतं, कधी गप्प होतं, कधी समोरच्याला हवं ते सांगतं. एकदा ऐका, जसंच्या तसं लिहा, तारीख वेळ टाका. ताजी घटना असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. हॉस्पिटल आधी एफआयआर आणा म्हणू शकत नाही, उपचार लगेच द्यावे लागतात, आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, तुमच्यासमोर. जबाबासाठी तिला पोलिस स्टेशनात नेऊन बसवायची गरज नाही, घरी येऊन घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, आणि युनिफॉर्म न घालता. रात्रीबेरात्री काही सुचलं नाही तर १०९८ लावा, तो मुलांसाठीचाच नंबर आहे, नाहीतर ११२.

तुमच्या बाबतीत एक भानगड होऊ शकते, राहायला ठाण्यात आणि उद्या शाळा ऐरोलीकडे घेतली तर ती नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत, तेव्हा 'हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा' असं ऐकायला मिळू शकतं. ऐकू नका. झिरो एफआयआर कुठल्याही पोलिस स्टेशनला घ्यावीच लागते, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात ते लेखी आहे, आणि पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीलाही कळवायचं असतं. बदलापूरला पालकांना तक्रारीसाठी तासन् तास बसवून ठेवलं, त्यानंतर लोक रुळांवर उतरले होते हे विसरला नसालच.

तुम्ही बघितलेल्या दोन्ही शाळांत परत एकदा जा, पण यावेळी अपॉइंटमेंट न घेता आणि मधल्या सुट्टीत. पहिलीच्या मजल्यावरच्या टॉयलेटबाहेर पाच मिनिटं उभ्या राहा. तिथे मावशी आहेत का, कड्या मुलांना आतून लावता-काढता येतात का, मोठ्या वर्गांची पोरं त्याच टॉयलेटला येतात का. आत सोडलं नाही तर का सोडलं नाही ते नीट ऐका, 'बाहेरच्या माणसाला मुलांच्या मजल्यावर सोडत नाही' असं म्हणाले तर ती शाळा लिस्टमध्ये वर घ्या, आणि कोणीच अडवलं नाही, तुम्ही थेट वर्गापर्यंत पोचलात, तर काय करायचं ते मी सांगायला नको.