चेनसॉची चेन घेताना 'वीस इंची द्या' म्हटलं तर चालतं का? ३/८ आणि ०.३२५ पिच म्हणजे काय?

नाही चालत. वीस इंच ही चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीची लांबी. चेनची ओळख तिने पटत नाही, आणि हे मी जून २०२० पासून आमच्या भावोजींना सांगतोय. ते ऐकत नाहीत, म्हणून आता तुम्हाला सांगतो.

आमचं घर दापोली तालुक्यात. ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या अंगणाच्या कडेला आजोबांच्या वेळचा रायवळ आंबा होता. भिरुडाच्या अळीने आतून पोखरलेला, पण वरून असा हिरवागार की कोणाला संशय येऊ नये. तो मुळासकट उपटून पाणंदीवर आडवा पडला. वीज नाही, फोन नाही, वाडीची वाट बंद. माझ्याकडे ५८ सीसीची चायनाची मशीन होती. वीस इंची पट्टी, ०.३२५ पिच (चेनच्या रिवेटांमधलं सरासरी अंतर, इंचांत), ७६ ड्राइव्ह लिंक (पट्टीच्या खाचेत उतरणारे चेनचे दुवे). दोन दिवस तिने लोण्यासारखं कापलं. तिसऱ्या दिवशी बुंध्यात ठण्णकन आवाज आला आणि चेन तुटली. आत खिळा निघाला. आईने कधीकाळी कपड्यांची दोरी बांधायला ठोकलेला, आणि झाडाने सालीसकट गिळलेला.

भावोजी मदतीला आलेलेच होते. तीस वर्षं सुतारकामाची कंत्राटं घेतलेला माणूस, खिशात कायम टेप. त्यांनी तुटलेल्या चेनच्या दोन रिवेटांवर टेप धरला आणि म्हणाले, "अडीच सुताच्या जरा पुढे आहे. म्हणजे तीन सूतच की." मी म्हटलं, "भावोजी, मशीनच्या पुस्तकात पॉइंट थ्री टू फाइव्ह लिहिलंय, तेवढं सांगा दुकानात." तर म्हणे, "अरे, पुस्तकं छापणाऱ्यांनी कधी लाकूड कापलंय का?" आणि जुनी चेन पिशवीत घालून गेले.

तीन सूत म्हणजे ३/८ इंच, बरोबर ९.५२५ मिलिमीटर. ०.३२५ म्हणजे ८.२५५. मध्ये सव्वा मिलिमीटरचा फरक. दाराच्या चौकटीत सव्वा मिलिमीटर रंधा मारून जातो, चेनमध्ये जात नाही.

दुकानदाराकडे रीळ होतं, ३/८ चं. भावोजींनी 'वीस इंची, तीन सूत' सांगितलं. त्याने जुनी चेन काउंटरवर लांब पसरली, शेजारी रीळ उलगडलं, लांबी जुळवली, ६६ ड्राइव्ह लिंकवर कापून रिवेट ठोकून दिली. आता गंमत बघा. ७६ लिंक गुणिले दोन गुणिले ०.३२५ म्हणजे ४९.४ इंच. ६६ गुणिले दोन गुणिले ०.३७५ म्हणजे ४९.५ इंच. घेर जुळला! ड्राइव्ह लिंकची जाडीही तीच निघाली, ०.०५८ इंच. त्यामुळे चेन पट्टीच्या खाचेत गुपचूप उतरली आणि ताणही व्यवस्थित बसला. एकच गोष्ट चुकली होती, आणि ती झाकणाच्या आत होती, स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर.

हाताने ओढून पाहिली तर एका जागी घट्ट, पुढे ढिली, परत घट्ट. मी म्हटलं, "स्प्रॉकेटवर बसत नाहीये, चढतेय." भावोजी म्हणाले, "नवीन आहे. पळायला लागली की बसेल." आणि माझ्या हातून मशीन घेऊन दोरी खेचली.

स्प्रॉकेटला सात दात. ड्राइव्ह लिंक एक सोडून एक येते, म्हणजे प्रत्येक लिंकमागे अडीच मिलिमीटरची चूक आणि एका फेऱ्यात पावणेदोन सेंटिमीटरचा घोळ. तो जाणार कुठे? लिंक दाताच्या खाचेत न उतरता दाताच्या डोक्यावर चढते. थ्रॉटल दाबल्याबरोबर कर्रकर्र आवाज झाला, चेन पट्टीवरून उडाली आणि खालच्या कॅचरला, म्हणजे उडालेली चेन अडवणाऱ्या खुंटीला, अडकली. कॅचर होता म्हणून भावोजींची पोटरी शाबूत आहे. झाकण उघडलं तर स्प्रॉकेटचे दात चावल्यासारखे झालेले, आणि नव्या चेनच्या लिंकांना बर्र (धातूचे खरखरीत कंगोरे) आलेली. स्प्रॉकेट मिळेपर्यंत पाणंद कुऱ्हाडीने मोकळी केली. चौघांनी, सहा दिवसांत.

तर तुमचा प्रश्न. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिवेटांच्या मध्यांमधलं अंतर, भागिले दोन. दोनच रिवेटांत मोजायचं नाही, कारण ड्राइव्ह लिंकवरचं अंतर आणि तिला जोडणाऱ्या बाजूच्या लिंकवरचं अंतर सारखं असेलच असं नाही. सुतांत हवं असेल तर असं लक्षात ठेवा: तीन रिवेटांत चार सूत भरले तर १/४ पिच, पाच सूत आणि वर नखभर आलं तर ०.३२५, पूर्ण सहा सूत आले तर ३/८. साडेसहाच्या आसपास गेलं तर ०.४०४, ती चेन मोठ्या मशीनची, तुमच्या-माझ्या कामाची नाही. भावोजींनी टेप तिसऱ्या रिवेटपर्यंत नेला असता तर पाच आणि सहा सुतांत घोळ झाला नसता. हे मी त्यांना गणपतीत पाटावर चेन ठेवून दाखवलंय. त्यांचं म्हणणं अजून तेच, "लांबी बरोबर होती ना? मग मशीनच हलकी."

गेज वेगळा. ती ड्राइव्ह लिंकची जाडी, म्हणजे पट्टीच्या खाचेची रुंदी: ०.०४३, ०.०५०, ०.०५८, ०.०६३ इंच. जाड लिंक खाचेत जातच नाही, त्यामुळे ती चूक दुकानातच कळते. पातळ मात्र जाते आणि आत डुलते, काप तिरका येतो.

पिच, गेज आणि लिंकची संख्या, तिन्ही आकडे बहुतेक पट्टीवर मागच्या टोकाला कोरलेले असतात. तेल आणि भुसा पुसा, दिसतील. फोटो काढून ठेवा. आपल्याकडची दुकानं बऱ्याचदा 'किती दाती?' विचारतात. नेहमीच्या चेनमध्ये दोन ड्राइव्ह लिंकमागे एक कापणारा दात, म्हणून ७६ लिंक म्हणजे ३८ दाती. लिंकवरही खुणा असतात. ओरेगॉन कंपनीच्या चेनवर २१ असेल तर ०.३२५ आणि ०.०५८, ७३ असेल तर ३/८ आणि ०.०५८. माझ्या जुन्या चेनवर २१ होतं. चष्मा लावून बघायचं कष्ट कोणी घेतले नाहीत.

ओरेगॉनवरून आठवलं. आजच्या चेनचा दात जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने शोधून काढला. १९४६ मध्ये ओरेगॉन राज्याच्या जंगलात त्याने भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. म्हणून तुमच्या चेनचे दात एकाआड एक डावे-उजवे. आमच्या आंब्यात जे भिरूड होतं त्याच जातकुळीतली करामत. म्हणजे झाड पाडलं अळीने आणि कापायचंही अळीकडून शिकलेल्या दाताने. भावोजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मग अळीलाच बोलवायचं होतंस."

मोठ्या पिचची चेन जास्त वेगात कापते हा गैरसमज काढून टाका. मोठी चेन जड असते आणि तिला ओढायला इंजिनात तेवढा दम लागतो. मुळात चेन नवी घेण्याआधी कानस मारून बघा. अर्ध्या लोकांची चेन मेलेली नसते, बोथट असते. ०.३२५ ला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते.

दोन गोष्टी राहिल्या. ३/८ मध्ये लो प्रोफाइल म्हणून लहान मशीनची वेगळी चेन येते. पिचचा आकडा तोच, पण दात बुटका, आणि तिला ४ मिलिमीटरची कानस. पूर्ण ३/८ च्या मशीनवर ती घालू नका. आणि जुनी चेन झिजून लांबते, तेव्हा तिच्यावर मोजलेला आकडा किंचित जास्त येतो. म्हणजे भावोजींचं 'अडीचच्या जरा पुढे' अगदीच चूक नव्हतं, एवढं मी कबूल करतो. फक्त इथे.

ती चेन अजून गोठ्यात खुंटीला आहे. ३/८, ०.०५८, ६६ लिंक, तीनचार लिंकांची बर्र घासावी लागेल, दात कोरे आहेत. दापोलीकडे कोणाच्या पट्टीवर हेच तीन आकडे कोरलेले असतील तर फुकट घेऊन जा. पट्टीचा फोटो आधी पाठवा, टेपने मोजून सांगू नका.