शोरील, हार्ड डिस्क आणि चार सेकंदांची शांतता: माध्यमनिर्मितीच्या एम. ए.बद्दल तुमचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी डिजिटल माध्यमनिर्मितीच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आणि सहा निवडले.

प्रश्न: तीन वर्षं एडिटिंग करतोय, कॅमेराही चालवतो. सगळं व्हिडिओ बघून शिकलो. अप्लाइड आणि डिजिटल मीडिया प्रॉडक्शनमध्ये एम. ए. करून मला नवीन काय मिळेल?

सॉफ्टवेअर शिकायला जाणार असाल तर जाऊ नका. एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती फुकट मिळते, थ्रीडीचं ब्लेंडर तर पूर्णच फुकट आहे, आणि दोन्ही शिकवणारे पैशाला पासरी. या अभ्यासक्रमाच्या नावातला 'अप्लाइड' शब्द नीट वाचा. माध्यमांचे सिद्धान्त वाचून त्यांवर निबंध लिहायचे, असा हा प्रकार नाही. इथे वस्तू करायची, आणि ती अशीच का केली याचं उत्तरही द्यायचं. गेली तीन वर्षं ग्राहकाने सांगितलं तिथे तुम्ही कापलंत. 'इथेच का कापलंस?' असं कोणी विचारलं होतं का?

माझ्या एका विद्यार्थ्याने घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराची मुलाखत आणली होती. सफाईदार काम, एक 'अं' नाही, एक अडखळणं नाही. पण माणूस पाठ केलेलं बोलतोय असं वाटत होतं. रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रण, उघडायला लावले. एका प्रश्नानंतर कारागीर चिमट्यात धरलेला स्क्रू बसेपर्यंत श्वास रोखून थांबतो आणि मग बोलतो. चार सेकंद. विद्यार्थ्याने नेमके तेच उडवले होते. ते परत घातले आणि फिल्म सुधारली. अभ्यासक्रम कुठे एका वर्षाचा असतो, कुठे दोन. तेवढा काळ शेजारी बसून असे रशेस उघडायला लावणारं माणूस आणि भांडायला चार सहाध्यायी मिळणार असतील, तर जा. विवरणपत्रात नुसती उपकरणांची यादी असेल, तर तेच पैसे राखून स्वतःची फिल्म करा.

प्रश्न: माझ्या कामातल्या निवडक तुकड्यांचं अडीच मिनिटांचं शोरील बघून सगळे वाहवा करतात, तरी दोन ठिकाणी प्रवेश नाकारला. काय चुकलं असेल?

तुमचं शोरील पाहिलं. पहिली चाळीस सेकंदं ड्रोन, मग स्लो मोशन, आणि ठेक्यावर कट. दिसायला झकास. पण तुम्हाला गोष्ट सांगता येते की नाही, हे त्यातून कळत नाही. निवड करणाऱ्यांना एक पूर्ण झालेली गोष्ट हवी असते, तीनच मिनिटांची का असेना. सुरुवात, मधला भाग, शेवट. आणि शेवटी खरोखर थांबणारी.

सोबत चार ओळींची टीप जोडा: कॅमेरा कोणाचा, एडिट कोणाचं, तुमचा हात नेमका कुठे लागला. दुसऱ्याचं ग्रेडिंग, म्हणजे फुटेजचे रंग जुळवण्याचं काम, आपल्या नावावर खपवणारे मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतात. हे मी अनेकदा पाहिलंय, आणि बघताना मलाच अवघडायला होतं.

प्रश्न: अभ्यासक्रम सुरू होण्याआधी कोणता लॅपटॉप घेऊ?

आधी संस्थेची एडिट सूट किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचारा. लॅपटॉप मध्यम चालेल. मूळ फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी फाइली, करून त्यांवर काम करायचं. पैसे साठवणुकीवर खर्च करा. साधा हिशेब बघा: प्रोरेस ४२२ एचक्यू हा व्हिडिओ फॉरमॅट, फुल एचडी, सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे २२० मेगाबिट, तासाला जवळजवळ १०० जीबी. त्याच फॉरमॅटमध्ये यूएचडी, म्हणजे फोरके, घेतलंत तर चौपट. आणि ३-२-१चा नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. एकाच बॅगेत ठेवलेल्या दोन हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. बॅग एकच हरवते.

प्रश्न: प्रकल्पात क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत वापरलंय, श्रेयही दिलंय. मार्गदर्शक म्हणतात, चालणार नाही. असं कसं?

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर इतरांना दिलेला वापराचा परवाना, आणि त्या अटी नावातल्या अक्षरांत असतात. परवान्याच्या नावात 'एनडी' आहे का बघा. असेल तर मार्गदर्शकांचं बरोबर आहे. एनडी म्हणजे मूळ कृतीत बदल करून पुढे द्यायचा नाही. 'पण मी गाण्याला हातसुद्धा लावला नाही,' असं तुम्ही म्हणाल. तिथेच तर मेख आहे: या परवान्यांच्या मजकुरातच लिहिलंय की संगीत हलत्या चित्राला जुळवून लावलं की ती रूपांतरित कृती धरली जाते. म्हणजे एनडीचं संगीत व्हिडिओखाली लावून प्रसिद्ध करता येत नाही. 'एसए' असेल तर तुमची फिल्मही त्याच अटींवर खुली करावी लागते. 'एनसी' असेल तर व्यावसायिक वापर बंद, म्हणजे उद्या फिल्म कोणी विकत घ्यायला आलं की अडलंच. नुसतं 'बीवाय' सगळ्यांत सोपं: श्रेय नीट द्या आणि वापरा.

प्रसिद्ध गाणं मैत्रिणीकडून गाऊन घेतलं की सुटलो, असाही एक समज आहे. सुटत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, चाल आणि शब्दांचा वेगळा. मैत्रिणीच्या गाण्याने फक्त पहिला प्रश्न मिटतो.

प्रश्न: शेवटच्या प्रकल्पासोबत काही हजार शब्दांचं चिंतनात्मक लेखन द्यायचंय. मला लिहिता येत नाही. काय करू?

शेवटच्या आठवड्यात बसाल तर कोणालाच लिहिता येत नाही. मग 'या प्रक्रियेतून मला खूप शिकायला मिळालं' अशी पानं तयार होतात आणि परीक्षक जांभई देतो. पहिल्या दिवसापासून वही ठेवा. रोज पाच ओळी, तारीख घालून. एका विद्यार्थिनीच्या वहीतला मजकूर माझ्या लक्षात राहिलाय: 'दुसऱ्या कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला. चेहरा मध्येच पिवळा, मध्येच निळा. ग्रेडिंगमध्ये दोन दिवस घालवले, जमेना. शेवटी सगळा प्रसंग एकाच कॅमेऱ्यावर ठेवला. आता तो लांबतो, पण आई मुलाकडे बघत राहते ते दिसतं.'

यात चूक आहे, फसलेला उपाय आहे, निर्णय आहे आणि त्याचा परिणामही आहे. असे पंधरा तुकडे जमले की लेखन निम्मं झालं. मग पुस्तकं उघडा आणि प्रसंग न कापता लांबू देण्याबद्दल इतरांनी काय म्हटलंय ते शोधा. आधी सिद्धान्त निवडून त्यात फिल्म कोंबू नका. तोंडी परीक्षेतही हीच वही उपयोगी पडते.

प्रश्न: एआय सगळं करायला लागलंय, मग हे शिकून काय उपयोग? आणि अर्जासाठीची फिल्म फोनवर केली तर चालेल का?

मुलाखत टंकून काढणं, सबटायटलचा कच्चा मसुदा, मागची घरघर कमी करणं ही कामं यंत्राला खुशाल द्या, पण विशेषनामं स्वतः तपासा. माहितीपटात यंत्राने तयार केलेलं दृश्य घातलंत तर ते पडद्यावर सांगा आणि वहीतही नोंदवा. संस्थेचे नियम प्रवेशाआधीच विचारून ठेवा, ते जागोजागी वेगळे असतात.

फोन चालेल. मात्र बरेच फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, बदलता ठेवून रेकॉर्ड करतात. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज अशा फुटेजवर बसवला की लांब मुलाखतीत तो ओठांपासून सरकत जातो. म्हणून एडिटला बसण्याआधी फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. आवाज कॉलरला लावायच्या लेपल माइकने, ४८ किलोहर्ट्झवर घ्या. आणि सामान आवरण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता तीस सेकंद रेकॉर्ड करा. घड्याळवाल्या कारागिराच्या त्या चार सेकंदांत मागे कोणाचा तरी फोन वाजत होता. त्या आवाजाच्या जागी लावायला खोलीची शांतता हाताशी होती, म्हणून ते परत घालता आले.